पहिला सामना कोणता? अर्जेंटिना-उरुग्वे आणि आपल्या सिनॉप्सिसमधलं पहिलं वर्ष

सिनॉप्सिस लिहायला बसलात की शीर्षकात दोन वर्षं टाकावी लागतात: अमुक ते तमुक. शेवटचं वर्ष आपण बराच विचार करून ठरवतो. पहिलं मात्र बहुतेकदा कुठल्या तरी पुस्तकातून उचललेलं असतं. मग समितीसमोर प्रश्न येतो, "हेच वर्ष का?" आणि आपण गप्प. हा प्रश्न किती खोल जातो, ते आज फुटबॉलच्या एका उदाहरणावरून बघू.

रिओ दे ला प्लाता या नदीच्या रुंद मुखाच्या एका बाजूला ब्युनोस आयर्स, तर दुसऱ्या बाजूला माँटेव्हिडिओ. एक अर्जेंटिनाची राजधानी, दुसरी उरुग्वेची. मध्ये साधारण दोनशे किलोमीटर अंतर. ब्रिटनबाहेरची राष्ट्रीय संघांमधली सर्वांत जुनी चुरस म्हणून या दोघांचं नाव घेतलं जातं. आता साधा प्रश्न: ही चुरस सुरू कधी झाली?

एक उत्तर आहे १६ मे १९०१. माँटेव्हिडिओत सामना झाला, अर्जेंटिनाने ३-२ असा जिंकला. पण तो भरवला होता आल्बियन या क्लबने. उरुग्वेची फुटबॉल संघटना १९०० मध्येच स्थापन झाली होती, तरी सामना तिचा नव्हता. म्हणून अनेक याद्या तो 'अधिकृत' मानत नाहीत.

दुसरं उत्तर २० जुलै १९०२. पुन्हा माँटेव्हिडिओ, अर्जेंटिना ६-०. बहुतेक ठिकाणी पहिला अधिकृत सामना म्हणून हाच सापडेल. पण अर्जेंटिनाकडून गोल करणाऱ्यांची आडनावं वाचा: डिकिन्सन, मॉर्गन, अँडरसन, ब्राऊन. रेल्वे, व्यापार आणि इंग्रजी शाळांसोबत आलेल्या ब्रिटिश समाजाची छाप या खेळावर अजून ताजी होती.

बरं, पुढच्या वर्षी काय झालं? १३ सप्टेंबर १९०३ रोजी उरुग्वेने ब्युनोस आयर्समध्ये ३-२ असा पहिला विजय मिळवला. पण त्या दिवशी मैदानात उतरलेला 'उरुग्वे' म्हणजे प्रत्यक्षात नासिओनाल या एकाच क्लबचा संघ होता. आता सांगा, राष्ट्रीय संघ कशाला म्हणायचं? संघटनेने पाठवला त्याला, की सगळ्या देशातून निवडला त्याला?

१९०५ मध्ये आणखी एक वळण येतं. चहाचे व्यापारी थॉमस लिप्टन यांनी या दोन देशांसाठी चषक दिला. अट अशी की, खेळाडू त्या-त्या देशात जन्मलेलेच हवेत. 'आपला' खेळाडू कोण, हे इथे जन्मस्थानावरून ठरतं. गंमत म्हणजे, ही राष्ट्रीयत्वाची अट चषकासोबत आली, आणि चषक देणारा माणूस ब्रिटिश होता!

बघा, पुरावे तेच आहेत, पण सुरुवात बदलली की विषय बदलतो. १९०१ धरलंत तर तुमचा प्रबंध क्लबांचा आणि स्थलांतरित समाजाचा होईल. १९०२ धरलंत तर संस्थांचा. १९०५ धरलंत तर राष्ट्र आणि जन्म यांच्या नात्याचा. म्हणजे पहिलं वर्ष ही नुसती माहिती नाही, तो तुमचा युक्तिवाद आहे.

इथे अजून एक खाच आहे. सामना म्हणजे चुरस नव्हे. दोन संघ खेळले, की सामना होतो. चुरशीला मैदानाबाहेरची माणसं लागतात. ती कुठे सापडतील? गोलफलकावर तर नाहीच. १९२४ घ्या. पॅरिस ऑलिंपिक जिंकून उरुग्वेचा संघ ब्युनोस आयर्सला आला. २८ सप्टेंबरचा सामना प्रेक्षक मैदानात घुसल्यामुळे थांबवावा लागला. २ ऑक्टोबरला तो पुन्हा झाला तेव्हा मैदानाभोवती तारेचं कुंपण घातलेलं होतं. सेसारेओ ओन्सारी याने थेट कॉर्नरवरून गोल केला. ऑलिंपिक विजेत्यांवर केलेला, म्हणून त्याला 'ऑलिंपिक गोल' असं नाव पडलं. हा गोल सगळ्यांना आठवतो. संशोधकाने मात्र त्या कुंपणाकडेही पाहावं. गर्दी किती पेटली होती, याचा तो उभा पुरावा आहे.

१९२८ ला ॲमस्टरडॅम ऑलिंपिकची अंतिम लढत याच दोघांत झाली. १-१ अशी बरोबरी, मग पुन्हा सामना, उरुग्वे २-१. आणि ३० जुलै १९३० ला माँटेव्हिडिओत पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना. चेंडू कुणाचा, यावरूनच वाद झाला. अखेर पहिला अर्धा भाग अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि दुसरा उरुग्वेच्या चेंडूने खेळवला गेला. मध्यंतराला अर्जेंटिना २-१ ने पुढे, शेवटी उरुग्वे ४-२. "चेंडू बदलला म्हणून निकाल फिरला" ही गोष्ट सांगायला छान आहे. पण एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं होत नाही. चेंडूचा वाद निकालाचं कारण सिद्ध करत नाही. दोघांमधला अविश्वास मात्र सिद्ध करतो. त्यानंतर दोन्ही देशांच्या फुटबॉल संघटनांचे संबंधही तुटले.

मग चुरस १९०१ ची की १९२० च्या दशकातली? माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. १९०१ चा सामना 'पहिला' ठरला तो पुढे चुरस निर्माण झाली म्हणून. मूळ नंतर शोधलं जातं आणि मग ते आधीपासूनच होतं असं वाटायला लागतं. तुम्हाला हे पटलं नाही तर उत्तम, पण मग १९०१ मध्ये मैदानाबाहेर काय पेटलं होतं, ते दाखवावं लागेल.

आता स्वतःचं शीर्षक काढा. पहिल्या वर्षाखाली रेघ मारा आणि दोन ओळी लिहा: हे वर्ष दहा वर्षं मागे किंवा पुढे सरकवलं तर माझ्या प्रबंधात काय बदलेल? काहीच बदलत नसेल, तर ते वर्ष अजून तुमचं झालेलं नाही. गाईडकडे जाण्याआधी एवढं करून जा.