शिष्यवृत्ती : राजाच्या औदार्यापासून सरकारी तरतुदीपर्यंत

१/४
१९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत तीन वर्षे. परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची चाकरी, असा करार झाला.

२/४
१९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. औदार्याने दार उघडले होते. ते उघडे राहील याची हमी नव्हती.

३/४
१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य या नात्याने त्यांनी लिनलिथगोंना निवेदन दिले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत विज्ञान व तंत्रशिक्षण घेता यावे म्हणून त्यात वार्षिक एक लाख रुपयांची मागणी होती.

४/४
१९५४-५५ पासून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. त्यांना राजाने दिले, ते पुढच्यांना सरकारी तिजोरीतून मिळू लागले.