भाषांतराची वाट : डग्लस हाइड आणि आयरिश साहित्याची भाषा

आयर्लंडमधील थोर व्यक्तींची कोणतीही नामावली चाळली तरी तिच्यातील साहित्यिकांची रांग जवळजवळ ठरलेली असते : स्विफ्ट, गोल्डस्मिथ, शेरिडन, वाइल्ड, शॉ, येट्स, सिंग, जॉइस, बेकेट. यातील प्रत्येकाने इंग्रजीत लिहिले. बेकेटने त्याखेरीज फ्रेंचमध्ये. येट्स (१९२३), शॉ (१९२५), बेकेट (१९६९) आणि हीनी (१९९५) या चार आयरिश साहित्यिकांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु आयरिश भाषेतील लेखनाबद्दल ते एकालाही मिळालेले नाही. डग्लस हाइड (१८६०–१९४९) या नामावलीत येतोच, तर तो आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून. वाङ्मयेतिहासात त्याची बोळवण ‘भाषाचळवळीचा कार्यकर्ता’ एवढ्यावर केली जाते. चळवळ एका बाजूला आणि साहित्य दुसऱ्या बाजूला, अशी ही सोयीची वाटणी आहे. हाइडच्या बाबतीत ती टिकत नाही.

हाइड हा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा. रॉसकॉमन परगण्यातील फ्रेंचपार्क येथे त्याचे बालपण गेले. घरची भाषा इंग्रजी. आयरिश तो शिकला ती परिसरातील वृद्ध माणसांकडून, विशेषतः शेमस हार्ट या शिकारीच्या रानाच्या रखवालदाराकडून. म्हणजे ज्या वर्गाने ही भाषा मागे सारली त्या वर्गातला मुलगा, ती ज्यांच्या ओठांवरून नाहीशी होत होती त्यांच्याकडून ती उचलत होता. १८३१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शाळांनी इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठेवले होते. १८४५ नंतरच्या महादुष्काळाने आणि देशांतराने आयरिशभाषक पश्चिम भागच सर्वाधिक उजाड केला. १८५१ च्या शिरगणतीत आयरिश जाणणारे सुमारे पंधरा लाख होते. १८९१ मध्ये ते पावणेसात लाखांच्या आसपास उरले. या आकड्यांमागे केवळ सक्ती नाही. मुलाने इंग्रजी शिकावे, म्हणजे बोस्टनला किंवा लिव्हरपूलला गेल्यावर त्याचे पोट भरेल, हा आईबापांचा हिशेबही त्यांत आहे. आणि तो चुकीचा होता असे म्हणणे सोपे नाही.

२५ नोव्हेंबर १८९२ रोजी डब्लिनमध्ये नॅशनल लिटररी सोसायटीसमोर हाइडने आयर्लंडच्या निरांग्लीकरणाची आवश्यकता प्रतिपादन करणारे व्याख्यान दिले. इंग्रजांचा द्वेष करीत त्यांचेच अनुकरण करणारा समाज धड इंग्रजही होत नाही आणि धड आयरिशही राहत नाही, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. भाषेबरोबर नावे, आडनावे, खेळ, पोशाख हे सगळेच त्याने या व्याख्यानात ओढले. आज वाचताना त्यातील काही भाग भाबडा वाटतो. येट्सने तीनच आठवड्यांनी ‘युनायटेड आयर्लंड’ या साप्ताहिकात पत्र लिहून प्रश्न उपस्थित केला, की भाषा इंग्रजी आणि प्राण आयरिश असे राष्ट्रीय साहित्य निर्माण होऊ शकणार नाही काय? पुढल्या शंभर वर्षांची आयरिश समीक्षा या दोन भूमिकांभोवती फिरत राहिली. त्या परस्परविरोधी मानल्या गेल्या आणि तात्त्विक पातळीवर त्या तशा आहेतही. परंतु येट्सच्या भूमिकेला प्रत्यक्ष भाषिक आधार पुरविणाऱ्या साधनांपैकी एक महत्त्वाचे साधन हाइडच्याच हातून आले.

ते साधन म्हणजे १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘कॉनॉटची प्रेमगीते’ हा संग्रह. एका पानावर आयरिश संहिता, समोरच्या पानावर इंग्रजी. काही गीतांचे हाइडने मूळ वृत्ताचे स्वरयमक सांभाळणारे पद्य भाषांतर केले. इतर ठिकाणी आणि टीपांमध्ये मात्र त्याने शब्दशः गद्य दिले. हेतू साधा होता. आयरिश शिकू पाहणाऱ्याला समोरच्या पानाचा टेकू मिळावा, आणि तो चालू लागला की टेकू टाकून द्यावा. हे गद्य त्याने प्रमाण इंग्रजीत न लिहिता कॉनॉटचे शेतकरी जी इंग्रजी बोलत, तिच्या वळणाने लिहिले. कारण मूळ आयरिश वाक्यरचना तिच्यात अधिक शाबूत होती.

या रचनेचे स्वरूप मराठी वाचकाला समजावून सांगणे इंग्रज वाचकापेक्षा सोपे आहे. आयरिशमध्ये ‘जवळ असणे’ या अर्थाचे सकर्मक क्रियापद नाही. ‘पुस्तक माझ्यापाशी आहे’ अशीच रचना करावी लागते. नुकतीच पूर्ण झालेली क्रिया ‘मी जेवणानंतर आहे’ अशा घाटाने सांगतात. ज्या शब्दावर भर द्यायचा तो वाक्यारंभी आणून उरलेले वाक्य त्याला संबंधी उपवाक्यासारखे जोडतात. ही सर्व वळणे शेतकऱ्यांच्या इंग्रजीत उतरली होती. तोवर रंगभूमीवर आणि कादंबरीत ती आली ती बहुधा विनोदासाठी, गावंढळ आयरिश नोकराच्या तोंडी. हाइडने तीच वळणे विरहाच्या, मृत्यूच्या आणि शापाच्या गीतांसाठी वापरली. त्याच्या दृष्टीने तो व्याकरणाचा प्रामाणिकपणा होता. वाङ्मयीन परिणाम मात्र भाषेची सामाजिक पायरी बदलण्याचा झाला.

हे ओळखले ते येट्सने. १९०४ मध्ये डन एमर मुद्रणालयाने या संग्रहाची आवृत्ती काढली, तिच्या प्रस्तावनेत त्याने हाइडच्या पद्यापेक्षा गद्याला महत्त्व दिले आणि साहित्यात एक नवी शक्ती अवतरल्याची ग्वाही दिली. लेडी ग्रेगरीने १९०२ मध्ये कूहलिनच्या वीरकथा गॉलवेच्या बोलीत सांगितल्या. ऑक्टोबर १९०१ मध्ये गेइटी थिएटरात हाइडचे ‘कासा अन तूगॉन’ हे आयरिश एकांकी नाटक झाले. भटक्या कवीला गवताचा दोर वळायला लावून युक्तीने दाराबाहेर काढले जाते, एवढेच त्याचे कथानक. येट्सने दिलेल्या आराखड्यावरून हाइडने ते लिहिले, कवीची भूमिका स्वतः केली आणि ग्रेगरीने त्याचे इंग्रजी केले. आराखडा इंग्रजीतून आयरिशमध्ये आणि नाटक पुन्हा इंग्रजीत, ही येजा लक्षणीय आहे.

सिंगची भाषा सर्वस्वी हाइडची देणगी होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. सिंग ट्रिनिटी कॉलेजात आयरिश शिकला होता आणि १८९८ पासून अॅरन बेटांवर राहून त्याने ती प्रत्यक्ष ऐकली होती. डेक्लन कायबर्ड यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात सिंगच्या आयरिशज्ञानाची सखोल छाननी केली आहे. तरीही ऐकलेली बोली आणि लिहिण्याजोगी शैली यांच्यामध्ये एक पूर्वपरंपरा लागते, आणि ती हाइडच्या गद्याने घातली होती. १९०७ मध्ये ॲबी थिएटरात ‘प्लेबॉय’च्या प्रयोगात दंगल झाली. स्त्रीच्या अंतर्वस्त्राचा उल्लेख हे तिचे निमित्त सर्वत्र नोंदले जाते. पण शेतकऱ्याची भाषा इतक्या गंभीरपणे घेतली जावी आणि त्याच भाषेत त्याचे इतके निर्दय चित्र उभे राहावे, हे दुखणे त्याहून खोल असावे.

येथेच या इतिहासातील अडचणीची जागा आहे. सिंगच्या गद्याचे ज्याला आपण सौंदर्य म्हणतो, ती एका भाषेवर दुसरी भाषा चढत असतानाची खूण आहे. आयरिश वाक्यरचना इंग्रजीत ठळक राहते ती भाषांतराच्या एक-दोन पिढ्यांपुरती. जो समाज आपली भाषा सोडतो आहे, पण जिची वळणे अजून जिभेवरून गेलेली नाहीत, त्याच समाजाची ही बोली. हाइडला जे थांबवायचे होते त्याच प्रक्रियेचे अवशेष साहित्याने शैली म्हणून जपले. डॅनिएल कॉर्करीला याची पुसट जाणीव होती. १९२४ च्या ‘प्रच्छन्न आयर्लंड’ या ग्रंथात त्याने अठराव्या शतकातील मन्स्टरच्या आयरिश कवींची परंपरा पुढे आणली आणि १९३१ मध्ये सिंगवर लिहिताना धर्मभावना, राष्ट्रवाद आणि भूमी या तीन कसोट्यांवर इंग्रजीतील आयरिश साहित्य घासले. एल. एम. कलन यांनी १९६९ मध्ये त्याच्या इतिहासाच्या मर्यादा दाखविल्या, त्या योग्यच होत. कसोट्या कडक ठेवूनही सिंगला मात्र कॉर्करी बाहेर ठेवू शकला नाही, आणि याचे कारण त्याने भाषेत शोधण्याऐवजी लेखकाच्या सहानुभूतीत शोधले.

चळवळीचे यश संस्थात्मक होते. १८९३ मध्ये ओन मॅकनील प्रभृतींसह स्थापन केलेल्या गेलिक लीगच्या दशकभरात सुमारे ६०० शाखा झाल्या. १८९९ मध्ये माध्यमिक शिक्षणाच्या चौकशी आयोगापुढे ट्रिनिटीच्या महाफी आणि ॲटकिन्सन यांनी आयरिश वाङ्मयाला क्षुद्र आणि अश्लील ठरविले. यातील ॲटकिन्सन हे संस्कृत आणि तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना उत्तर म्हणून हाइडने युरोपीय विद्वानांची पत्रे सादर केली. त्यांत लाइपझिगचे विंडिश होते, आणि तेही संस्कृतचेच प्राध्यापक! १९१३ पासून राष्ट्रीय विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत आयरिश सक्तीची झाली. १९१५ मध्ये लीगने राजकीय ध्येय स्वीकारताच हाइडने अध्यक्षपद सोडले. १९३८ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी आयर्लंड–पोलंड फुटबॉल सामन्याला हजर राहिल्याबद्दल गेलिक क्रीडासंघाने त्याला आश्रयदातेपदावरून दूर केले. परकीय खेळांना विरोध ही मुळात त्याच्याच १८९२ च्या व्याख्यानातली भूमिका. जुलै १९४९ मध्ये तो वारला, तेव्हा सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमधील प्रॉटेस्टंट अंत्यप्रार्थनेला चर्चच्या निर्बंधामुळे बहुतेक कॅथलिक मंत्री आत गेले नाहीत. ते बाहेर मोटारींत बसून राहिले.

त्याच वर्षी मार्तीन ओ काइनची ‘क्रे ना किल्ल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. कॉनेमाराच्या दफनभूमीतील मृत माणसे जमिनीखाली भांडत, चहाड्या करीत, एकमेकांची उणीदुणी काढीत राहतात. कथन जवळजवळ नाहीच, सर्व संवाद. ओ काइनची मातृभाषा आयरिश होती, आणि ही बोली कोणाच्याही समोरच्या पानाचा आधार न घेता लिहिलेली आहे. कॉनॉटच्या गीतांना भाषांतर जन्मतःच मिळाले होते. या कादंबरीला नॉर्वेजियन आणि डॅनिश भाषांतरे इंग्रजीच्या आधी लाभली. पहिले प्रकाशित इंग्रजी भाषांतर २०१५ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी दुसरे. दोन्ही भाषांतरकारांपुढे प्रश्न एकच होता : ही माणसे इंग्रजीत कोणत्या बोलीत भांडणार? सिंगची बोली हाताशी होती. परंतु २०१५ पर्यंत तिला नाटकी वळणाचा असा वास चिकटला होता, की ती वापरली असती तर मृतांचे भांडण रंगमंचावरचे वाटले असते.