गुरुवारची प्रदक्षिणा

अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनोस आयर्स येथे राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर ‘प्लाझा दे मायो’ हा ऐतिहासिक चौक आहे. ३० एप्रिल १९७७ रोजी तेथे चौदा माता जमल्या. त्यांचा प्रश्न एकच होता : आमची मुले कोठे आहेत?

२४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता बळकावली होती. त्यानंतर विद्यार्थी, कामगार, शिक्षक, पत्रकार यांना घरांतून व रस्त्यांवरून उचलून गुप्त छळछावण्यांत नेण्यात येऊ लागले. अटकेची नोंद नाही, खटला नाही, मृतदेहही नाही. मागे उरे तो ‘बेपत्ता’ हा एकच शब्द. मानवी हक्क संघटना ही संख्या तीस हजार सांगतात. माणसाला मारून त्याचे असणेच पुसून टाकावे, असे हे दुहेरी क्रौर्य होते.

जमावबंदीमुळे पोलिसांनी मातांना हुकूम सोडला : उभ्या राहू नका, चालत्या व्हा. माता चालू लागल्या. परंतु घराकडे नव्हे, तर दोघी-दोघी मिळून चौकातील स्मारकस्तंभाभोवती. पांगवण्यासाठी दिलेला हुकूमच त्यांच्या आंदोलनाचे रूप ठरला. पुढे गुरुवारची दुपार या प्रदक्षिणेसाठी निश्चित झाली. गर्दीत परस्परांची ओळख पटावी म्हणून त्यांनी बाळाचे पांढरे लंगोट डोक्याला बांधले. तोच पांढरा रुमाल पुढे जगभर त्यांची खूण झाला.

या शांत चालण्याचीही सत्ताधाऱ्यांना धास्ती वाटली. बेपत्ता तरुणाचा भाऊ असल्याची बतावणी करून एक नौदल अधिकारी त्यांच्यात मिसळला. डिसेंबर १९७७ मध्ये अग्रणी अझुसेना व्हिलाफ्लोर आणि आणखी दोन मातांचे अपहरण झाले. त्यांना विमानातून समुद्रात फेकण्यात आले. किनाऱ्याला लागलेले त्यांचे देह निनावी पुरले गेले. ती ओळख पटायला २००५ साल उजाडले. अझुसेना यांची रक्षा त्याच स्तंभाच्या पायथ्याशी विसावली आहे.

१९८३ च्या अखेरीस लोकशाही परतली आणि १९८५ मध्ये लष्करी सत्ताधीशांवर खटला चालला. मात्र त्यानंतरच्या कायद्यांनी आणि माफीनाम्यांनी अनेक अपराध्यांना अभय दिले. ‘झाले गेले विसरा’ हा सल्ला तेव्हा अनेकांना शहाणपणाचा वाटला. मातांची फेरी तरीही थांबली नाही. अखेर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्दबातल ठरवले. मातांमध्ये मिसळलेल्या त्या अधिकाऱ्याला २०११ मध्ये जन्मठेप झाली. बंदिवासात जन्मलेली व परक्यांच्या हाती दिली गेलेली नातवंडे शोधण्याचे काम आज्यांच्या संघटनेने हाती घेतले. जनुकीय तपासणीच्या साहाय्याने शंभराहून अधिक नातवंडांना आपली खरी ओळख गवसली.

स्मारक एकदा उभारले की समाज निश्चिंत होतो. या मातांनी दगडावर विसंबून न राहता दर आठवड्याला स्मृती पावलांनी जागवली. म्हणूनच न्यायाचे दार तीस वर्षांनीही ठोठावता आले.

अर्जेंटिनातील स्मरणसभांत आजही बेपत्ता व्यक्तींची नावे पुकारली जातात आणि प्रत्येक नावाला जनसमुदाय उत्तर देतो : ‘प्रेसेंते’, म्हणजेच ‘हजर’. शाळेच्या हजेरीत रोज उमटणारा हा साधा शब्द. ज्याला स्वतः उत्तर देता येत नाही, त्याच्या वतीने तो उच्चारणारे कोणी उरले आहे, तोवर त्याचे नाव पटावरून खोडता येत नाही.