अर्धस्वयंचलित रायफलची स्वच्छता आणि काडतुसाचे रसायन
रायफलची स्वच्छता हा सामान्यतः सैनिकी शिस्तीचा विषय मानला जातो. अमेरिकी सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारलेल्या एम-१ गॅरंडचा इतिहास मात्र निराळे कारण दर्शवितो. तिच्या काडतुसांच्या प्रायमरमधील क्लोरेटमुळे गोळीबारानंतर नळीत पोटॅशियम क्लोराईड हा क्षार उरे. तो ओलावा शोषून पोलाद गंजवी. तेलात तो विरघळत नसल्याने नळी पाण्याने धुणे आवश्यक ठरे. परंतु ही नळी तोंडाकडूनच साफ करावी लागे. सळईच्या अतिवापराने तेथील खाचा झिजून अचूकता घटे. याउलट १९४१ मध्ये स्वीकृत एम-१ कार्बाइनच्या काडतुसांत आरंभापासून न गंजविणारे प्रायमर होते. कारण तिची वायुयंत्रणा सैनिकाने वारंवार उघडणे अपेक्षित नव्हते. तात्पर्य, स्वच्छतेची मर्यादा शिस्तीइतकीच रसायनानेही ठरविली.