अहिल्याबाई होळकर : कुल व नोंदी

अहिल्याबाई होळकर (१७२५–१३ ऑगस्ट १७९५). माळव्याच्या होळकर राज्याच्या शासक. जन्म सीनाकाठच्या चौंडी (ता. जामखेड) येथे, धनगर कुटुंबात. चौंडी अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. आईचे नाव परंपरेने सुशीला. माहेरची वंशावळ बहुधा येथेच थांबते. जयंती ३१ मे रोजी पाळतात.

सासरच्या नोंदी विपुल आहेत. होळकर हे आडनाव नीराकाठच्या होळ गावावरून आले. सासरे मल्हाररावांचे (१६९३–१७६६) वडील खंडोजी लवकर वारले, तेव्हा आई मुलाला घेऊन खानदेशात तळोदे येथे भावाकडे, भोजराज बारगळांकडे, गेली. भोजराजांनी पुढे आपली मुलगी गौतमाबाई भाच्याला दिली. होळकरांच्या उत्कर्षाची सुरुवात अशी आजोळी झाली; छापील वंशवृक्षांत बारगळांची शाखा मात्र सहसा दिसत नाही, ही मोठीच उणीव होय.

मल्हारराव व गौतमाबाई यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी अहिल्याबाईंचा विवाह १७३३ च्या सुमारास झाला. अपत्ये मालेराव व मुक्ताबाई. खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. मल्हाररावांनी सुनेला सती जाऊ दिले नाही. मालेराव १७६७ मध्ये वारले. मुक्ताबाईंचा मुलगा अकाली गेला, आणि १७९१ मध्ये पती यशवंतराव फणसे वारल्यावर त्या सती गेल्या. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने १८२३ च्या ग्रंथात हा प्रसंग विस्ताराने दिला आहे. अहिल्याबाईंनंतर गादी तुकोजी होळकर व त्यांच्या वंशाकडे गेली. तुकोजी मल्हाररावांचे नेमके कोण, याबद्दल मतभेद आहेत.

स्त्रीकडून स्त्रीकडे गेलेला एक वारसा मात्र कागदोपत्री स्पष्ट सापडतो. पहिल्या बाजीरावाने १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर करून दिली. त्या १७६१ मध्ये वारल्यावर ती सुनेकडे आली. दौलतीचा, म्हणजे सरकारी, हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा. काशी, गया, सोमनाथ येथील बांधकामांसारखा धर्मादाय खर्च अहिल्याबाईंनी खासगीतून केला. म्हणून त्यांचे चरित्र लिहिताना बखरींपेक्षा या जमाखर्चाला अधिक वजन द्यावे लागते. अहिल्याबाईंची राजधानी असलेल्या महेश्वरच्या नाण्यांवर शिवलिंग व बेलाचे पान आहे. नाव मात्र बादशहा शाह आलमचे.

होळकरांची आठवण आजही टिकून आहे: पंढरपुरात होळकर वाडा आहे. २००४ मध्ये स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले.