ग्रहलाघवापासून संगणकापर्यंत

फलज्योतिष शिकूं इच्छिणारे तरुण आम्हांस पुष्कळदां विचारतात कीं, पुस्तक कोणतें घ्यावें आणि संगणकावर सॉफ्टवेअर कोणतें वापरावें? प्रश्न नवा दिसतो खरा; पण महाराष्ट्रांत तो पांचशें वर्षें चालत आला आहे.

कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं शके १४४२ (इ. स. १५२०) च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचला. त्यांत ज्या-चापांचा खटाटोप त्यांनीं अजिबात काढून टाकला. ४०१६ दिवसांचें, म्हणजे सुमारें ११ वर्षांचें, एक चक्र धरल्यामुळें मोठमोठ्या अहर्गणांचें ओझेंही उतरलें. नुसता गुणाकार-भागाकार येणाऱ्या जोशास ग्रह काढतां येऊं लागले. आजचें सॉफ्टवेअर याहून निराळें काय करतें? मात्र सोयीबरोबर एक खोडही आली. गणेशांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः आकाशाचे वेध घेत. पुढच्या पिढ्यांस कोष्टक पुरेसें वाटूं लागलें, आणि गणित आकाशापासून हळूहळू सुटत गेलें.

तें पुन्हा जुळवावें म्हणून केरो लक्ष्मण छत्रे यांनीं युरोपीय गणिताच्या आधारें १८६० सालीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' छापलीं. त्यांच्याच पुरस्कारानें पटवर्धनी पंचांग निघालें. पण खरा वाद पुढेंच होता. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा? रेवतीच्या योगताऱ्यापासून, असें छत्रे व टिळक यांचें मत; चित्रा ताऱ्यासमोरील बिंदूपासून, असें व्यंकटेश बापूजी केतकरांचें. वसंतसंपातापासून या आरंभापर्यंतचें अंतर तेच अयनांश. आणि दोन पक्षांच्या अयनांशांत सुमारें ४ अंशांचा फरक पडतो. भारत सरकारनें १९५२ सालीं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें १९५५ च्या अहवालांत चित्रापक्ष उचलून धरला.

चार अंश थोडे वाटतील. पण एक नक्षत्र अवघें १३ अंश २० कलांचें. म्हणजे दहांपैकीं सुमारें तिघांचें जन्मनक्षत्रच बदलतें! शुक्राच्या २० वर्षांच्या महादशेंत ६ वर्षांचा घोळ होतो. ज्या घरांत नाडी पाहून मुलीचें स्थळ नाकारलें जातें, तेथें हा फरक कागदावरचा राहत नाहीं. फलज्योतिषावर आमचा स्वतःचा विश्वास बेताचाच; तथापि ज्यांचा आहे, त्यांनीं तरी कोणत्या गणितावर तो ठेवला आहे हें ठाऊक करून घ्यावें.

ग्रहांच्या अचूकपणाची आतां फारशी काळजी नाहीं. झुरिचच्या अॅस्ट्रोडीन्स्टनें १९९७ सालीं काढलेलें 'स्विस एफेमेरिस' अमेरिकन अवकाशसंस्थेच्या ग्रहगणितावर आधारलेलें असून अनेक सॉफ्टवेअरें त्याच्याच जिवावर चालतात. पाहावयाचें तें इतकेंच कीं, अयनांश कोणता धरला हें तें स्पष्ट सांगतें काय, आणि तो बदलूं देतें काय. 'जगन्नाथ होरा' विनामूल्य असून ही मुभा देतें.

पुस्तकांत मात्र आम्ही जातकग्रंथ आधीं हातीं देणार नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचें १८९६ चें 'भारतीय ज्योतिषशास्त्र' प्रथम वाचावें. वराहमिहिराचें 'बृहज्जातक' त्यानंतर. आणि एखाद्या रात्रीं चित्रेजवळ चंद्र दिसेल तेव्हां गच्चीवर जाऊन तो डोळ्यांनीं पाहावा, व मग यंत्रानें त्यास कोठें बसविलें आहे तें ताडून घ्यावें.