कोल्हापूर संस्थानातील प्लेग, घर आणि पिसवा : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :
भारतातील प्लेगच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने सरकारी जुलूम, लोकांचा प्रतिकार आणि लसीकरण या तीन अंगांनी झाले आहे. रोगाचे प्रत्यक्ष वाहन असलेली पिसू आणि तिचे निवासस्थान असलेले घर हे घटक त्यामानाने दुर्लक्षित राहिले. प्रस्तुत लेखात कोल्हापूर संस्थान व त्याच्या परिसराच्या संदर्भात या दोन घटकांचा विचार केला आहे. पिसवांचे निर्मूलन हा प्राण्याच्या अंगापेक्षा घराच्या जमिनीचा प्रश्न आहे, हे सूत्र प्लेगच्या इतिहासातून कसे उलगडत गेले, ते येथे मांडले आहे.

प्रस्तावना :
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे निदान केले आणि भारतातील आधुनिक काळातील एका अत्यंत भीषण साथीची अधिकृत नोंद झाली. पुढील सुमारे चार दशकांत या रोगाने देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. मुंबई, पुणे, सातारा, बेळगाव या मार्गाने साथ दक्षिण महाराष्ट्रात पसरली. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला होता आणि १८९५ मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसविण्यात आली होती. गूळ व धान्याच्या व्यापारास ज्या मार्गाने चालना मिळाली, त्याच मार्गाने पोती, उंदीर आणि उंदरांच्या अंगावरील पिसवा यांचाही प्रवास सुलभ झाला. १८९४ मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतलेल्या राजर्षी शाहू महाराजांपुढे १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ प्लेग अशी दुहेरी आपत्ती उभी राहिली.

उद्दिष्टे :
१) प्लेगच्या प्रारंभीच्या उपाययोजनांमागील रोगविषयक कल्पना तपासणे.
२) कोल्हापूर परिसरातील घराची रचना व पिसवांची वाढ यांचा संबंध स्पष्ट करणे.
३) मांजर, उंदीर व पिसू यांच्याविषयी बदलत गेलेल्या शास्त्रीय मतांचा आढावा घेणे.

जंतूवर मारा, पिसवेस अभय :
प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला. त्याच सुमारास कितासातो यांनीही तेथे संशोधन केले होते. परंतु हा जंतू माणसापर्यंत कसा पोहोचतो, हे १८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्याच्या अधिकाऱ्यांना ज्ञात नव्हते. जमीन, मलिन हवा, धान्य, कपडे या सर्वांवर संशय घेतला जात होता. त्यामुळे बाधित घरांना चुना फासणे, कार्बोलिक आम्ल व पाऱ्याच्या क्षारांचे द्रावण शिंपडणे, जमीन उकरणे, ऊन आत यावे म्हणून कौले काढणे, अंथरूण-पांघरूण जाळणे असे उपाय योजण्यात आले. ४ फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने या उपायांना सक्तीचे अधिष्ठान दिले. पुण्यात या सक्तीतून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील गोळीबारात झाली.

या सर्व खटाटोपातील वैज्ञानिक उणीव नंतर लक्षात आली. जंतुनाशक द्रावणाने उघड्यावरील जंतू मरतो. पिसवेवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. घराची अब्रू, देवघर आणि चूल यांची विटंबना झाली. रोगाचे वाहन मात्र भिंतीच्या फटीत सुरक्षित राहिले. राज्यसत्ता घरात शिरली, पण ज्यासाठी शिरली ते तिला दिसले नाही, हा या पर्वाचा सर्वांत मोठा विरोधाभास होय.

कराचीतील मांजर आणि मुंबईतील पिंजरे :
पिसवेचा संबंध प्रथम स्पष्टपणे दाखविला तो फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ यांनी, जून १८९८ मध्ये कराची येथे. त्यांनी एक प्लेगग्रस्त उंदीर काचेच्या बरणीत ठेवला आणि जाळीपलीकडे एक निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा प्रत्यक्ष स्पर्श होणार नाही, पण पिसू जाऊ शकेल, अशी ही रचना होती. पिसवा कमी पडू नयेत म्हणून त्यांनी एका मांजराच्या अंगावरील पिसवा गोळा करून बरणीत सोडल्या होत्या. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने दगावला. मांजराची पिसू प्लेगचे वहन फारशा कार्यक्षमतेने करीत नाही, हे आज ज्ञात आहे; त्यामुळे त्या प्रयोगात उंदराच्या स्वतःच्या पिसवांचाच वाटा मोठा असावा. तथापि सिमाँ यांचा निष्कर्ष योग्य होता. तत्कालीन वैद्यकविश्वाने मात्र तो दीर्घकाळ मान्य केला नाही.

तो मान्य होण्यास मुंबईतील संशोधन कारणीभूत ठरले. ग्लेन लिस्टन यांचे कार्य आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत चाललेले प्लेग संशोधन आयोगाचे प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. बाधित घरांमध्ये गिनीपिग ठेवण्यात आले. मोकळे सोडलेले गिनीपिग पिसवा गोळा करीत व प्लेगला बळी पडत. ज्यांचे पिंजरे जमिनीपासून सुमारे दोन फूट उंच टांगले होते, किंवा ज्यांच्याभोवती चिकट कागदाचा पट्टा होता, ते वाचले. धोका हवेत किंवा भिंतीत नसून जमिनीवरून उडी मारणाऱ्या कीटकात आहे, हे अशा प्रकारे सिद्ध झाले.

घराची रचना आणि पिसवेचे जीवनचक्र :
पिसवेच्या चिवटपणाचे कारण तिच्या जीवनचक्रात आहे. प्राण्याच्या अंगावर दिसते ती केवळ प्रौढ पिसू. तिची अंडी अंगावरून घरंगळून जमिनीवर पडतात. त्यातून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळून फटीत, धुळीत व अंथरुणाखाली राहतात आणि प्रौढ पिसवांच्या विष्ठेतील वाळलेल्या रक्तावर वाढतात. पुढील अवस्थेतील कोश धुळीचे कण चिकटल्याने दिसेनासा होतो व कीटकनाशकासही सहजी दाद देत नाही. कोशातील तयार पिसू आठवडेच्या आठवडे निश्चल राहू शकते आणि पावलांचा कंप, उष्णता व उच्छ्वासातील कर्बवायू जाणवताच बाहेर पडते. दीर्घकाळ बंद असलेल्या घरात पाऊल ठेवताच पिसवा तुटून पडतात, तो याचाच परिणाम.

या दृष्टीने पाहता कोल्हापूर परिसरातील जुने घर पिसवेस अनुकूल होते. मातीची जमीन, दगडमातीच्या भिंती, कौलारू छप्पर, सोप्यालगतचा गोठा, माजघरातील धान्याची कणगी, कोपऱ्यात रचलेल्या वाकळा व घोंगडी यांमुळे उंदराला अन्न व आसरा आणि पिसवेच्या अळीला सावली व ओल मिळे. पंचगंगा खोऱ्यातील पावसाळी दमट हवा तिला पोषक होती. दख्खनच्या पठारावर प्लेगचा जोर पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत असे आणि कडक उन्हाळ्यात ओसरे. शेजारच्या बेळगाव येथे आयोगाने केलेल्या निरीक्षणांतूनही हवामान व पिसवांची संख्या यांचा संबंध अभ्यासला गेला. सारवण्याने भेगा बुजत आणि वाकळा उन्हात घालण्याने अळ्या मरत. परंतु ही कामे रोजच्या कष्टांतून वेळ काढून घरातील स्त्रीलाच करावी लागत, हेही विसरता येत नाही.

शाहूकालीन धोरण : घर सोडण्याचा निर्णय :
कोल्हापूर संस्थानात बाधित प्रदेशातून येणाऱ्या प्रवाशांची तपासणी, लस टोचून घेण्याचा पुरस्कार आणि वस्ती हलवून गावाबाहेर झोपड्यांत राहण्याची व्यवस्था, या उपायांवर भर देण्यात आला. 'उंदीर पडले' की गाव सोडून माळावर जायचे, हा शहाणपणा दक्षिण महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात रुजला होता. पिसवेचे शास्त्र सर्वमान्य होण्यापूर्वीच हा उपाय परिणामकारक ठरत होता, कारण उंदीर मेल्यानंतर भुकेलेल्या पिसवा माणसाकडे वळण्याच्या नेमक्या काळात माणूस तेथून दूर गेलेला असे.

तथापि स्थलांतराचे मूल्य सर्वांना सारखे नव्हते. ज्याचा मळा गावाबाहेर होता त्याला खोप घालणे सोपे होते. ज्याची सर्व मिळकत एका खोलीतील कणगीत होती, त्या मजुराला धान्य मागे ठेवून जाणे म्हणजे उपासमारीस सामोरे जाणे होते. मागे राहिलेले धान्य उंदरांना पोसत राही आणि लवकर परतणारे कुटुंब पुन्हा पिसवांच्या तावडीत सापडे. म्हणूनच आरोग्याचा आदेश अन्नाच्या व निवाऱ्याच्या सोयीवाचून अपुरा ठरतो.

मांजर : तारक की वाहक?
१९०८ च्या सुमारास अमरावती येथील वैद्यकीय अधिकारी अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी, ज्या गावांत मांजरे अधिक तेथे प्लेग कमी, असे मत मांडून मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला. उंदीर मारण्यास धार्मिक कारणाने नकार देणाऱ्या घरांतही मांजर पाळण्यास हरकत नसे, हा या उपायाचा सामाजिक लाभ होता. परंतु मांजर उंदीर मारताना त्याच्या पिसवाही अंगावर घेऊन घरात येऊ शकते आणि मांजराला स्वतःला प्लेगची बाधा होते, हे पुढील संशोधनाने दाखविले. त्यामुळे मांजर हा धान्य सुरक्षित ठेवणे व घराची स्वच्छता यांना पर्याय ठरू शकला नाही.

डी.डी.टी. नंतरचा काळ :
दुसऱ्या महायुद्धानंतर डी.डी.टी.च्या फवारणीने घराची जमीन हेच लक्ष्य ठरले व प्लेग झपाट्याने ओसरला. परंतु १९६० पर्यंत महाराष्ट्रातील उंदीर-पिसवांमध्ये या द्रव्यास प्रतिकार निर्माण झाल्याची शास्त्रीय नोंद झाली. पुढे ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर पडले, घरांत पिसवांचा उपद्रव वाढला आणि सप्टेंबरमध्ये गाठीच्या तापाचे रुग्ण आढळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर भीतीने सोडलेली घरे व त्यांत राहिलेले धान्य यांचा या घटनेशी संबंध जोडण्यात आला. शतकापूर्वीचे सूत्र पुन्हा प्रत्ययास आले.

आज शहरी घरात पाळलेल्या मांजराच्या पिसवा हटत नाहीत, ही तक्रार याच सूत्राने समजते. बहुतांश पिसवा अंडी, अळी व कोश या रूपांत प्राण्याच्या अंगाबाहेर असतात. केवळ मांजराला औषध लावून भागत नाही. घरातील सर्व पाळीव प्राण्यांवर एकाच वेळी व काही महिने सातत्याने उपचार, अंथरुणे गरम पाण्यात धुणे, फटी व सतरंज्यांखालची धूळ वारंवार काढणे आणि अळीची वाढ रोखणारी द्रव्ये वापरणे आवश्यक ठरते. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरास प्राणघातक ठरू शकते. म्हणून पशुवैद्यकाचा सल्ला अनिवार्य आहे.

निष्कर्ष :
१) प्लेगकाळातील सक्तीचे निर्जंतुकीकरण अपुऱ्या ज्ञानावर आधारित होते, त्याने घराचा अवमान झाला, पण पिसू सुरक्षित राहिली.
२) कोल्हापूर परिसरातील स्थलांतराचा उपाय अनुभवजन्य असूनही शास्त्राशी सुसंगत होता, मात्र त्याचा भार गरिबांवर अधिक पडला.
३) मांजर, लस किंवा कीटकनाशक यांपैकी कोणताही एकच उपाय पुरेसा ठरला नाही.
४) पिसवेचे निर्मूलन हे धान्यसाठवण, घरबांधणी आणि घरातील श्रमविभागणी यांच्याशी निगडित आहे. म्हणूनच साथरोगांच्या इतिहासलेखनात रुग्णालय व कायदा यांच्याइतकेच स्थान घराच्या जमिनीलाही मिळणे आवश्यक आहे.